बदलत्या व्याजदरात आर्थिक नियोजन कसं करावं? बचत, विमा, कर्ज आणि एसआयपीची संपूर्ण माहिती

आपल्या आई-वडिलांच्या पिढीचं पैशाचं गणित तसं सोपं होतं. पगार झाला की पोस्टात आवर्ती ठेव, बँकेत एफडी, एखादी विम्याची पॉलिसी आणि जमलंच तर पाडव्याला थोडं सोनं. नव्वदच्या दशकात बँका एफडीवर दोन आकडी व्याज देत होत्या, त्यामुळे एवढ्यावरही घर चालायचं, मुलांची शिक्षणं व्हायची.

आज तसं राहिलेलं नाही. व्याजदर वर-खाली होतात, आयकराचे नियम बदलतात आणि गुंतवणुकीची ॲप्स मोबाइलमध्ये येऊन बसली आहेत. पैसे गुंतवणं दोन मिनिटांचं काम झालं आहे, आणि घालवणंही. म्हणून या लेखात आपण आर्थिक नियोजन म्हणजे काय, ते कोणत्या क्रमाने करावं आणि बदलत्या दरांचा आपल्या खिशावर नेमका काय परिणाम होतो, हे आकडेमोडीसह पाहणार आहोत.

## आर्थिक नियोजन म्हणजे काय?

आर्थिक नियोजन म्हणजे कुठला शेअर वर जाणार हे ओळखणं नव्हे. आपल्याकडे येणारा पैसा, जाणारा पैसा आणि पुढे लागणारा पैसा यांचा मेळ घालणं म्हणजे आर्थिक नियोजन. त्यात तीन प्रश्न येतात:

- उद्या पगार थांबला तर घर किती महिने चालेल?
- घरातलं कोणी आजारी पडलं किंवा कमावती व्यक्ती गेली तर काय?
- दहा-वीस वर्षांनी लागणारा पैसा महागाईच्या पुढे कसा राहील?

याच क्रमाने या प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात. बरेच जण तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात. मग पहिलं संकट आलं की एसआयपी मोडावी लागते, तीही बहुतेक वेळा बाजार पडलेला असताना.

## रेपो रेट बदलला की आपल्याला काय फरक पडतो?

रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचं कर्ज देते, त्याला रेपो रेट म्हणतात. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक तो वाढवते, महागाई आटोक्यात आली की कमी करते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवण्याचं उद्दिष्ट तिला दिलेलं आहे.

गेल्या काही वर्षांत काय झालं ते बघा:

- मे २०२० : कोरोनाच्या काळात रेपो रेट ४ टक्क्यांवर आला.
- मे २०२२ पासून : दर वाढत गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्के झाले.
- फेब्रुवारी २०२५ पासून : कपात सुरू झाली. जूनमध्ये दर ५.५० टक्के आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्के झाला.

दर खाली आले की कर्जदार खूश होतो आणि ठेवीदाराचं नुकसान होतं. समजा, निवृत्त झालेल्या काकांनी २० लाखांची एफडी ७.५ टक्के दराने ठेवली होती. महिन्याला १२,५०० रुपये व्याज यायचं. मुदत संपली आणि नवीन दर ६.५ टक्के मिळाला, तर हातात येतील १०,८३३ रुपये. दरमहा जवळजवळ १,६७० रुपये कमी, आणि औषधांचा खर्च मात्र तेवढाच किंवा जास्त.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला, शिडी पद्धत. सगळे पैसे एकाच एफडीत न ठेवता १, २, ३, ४ आणि ५ वर्षांच्या पाच एफडी करायच्या. दरवर्षी एक मोकळी होते, ती पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवायची. म्हणजे दर पडले तरी सगळी रक्कम एकदम कमी व्याजात अडकत नाही.

दुसरा, ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ६० वर्षांवरील व्यक्तीला पोस्टात किंवा बँकेत ३० लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी ठेवता येते. एप्रिल २०२३ पासून २०२५ अखेरपर्यंत या योजनेचा दर ८.२ टक्के राहिला. खातं उघडताना जो दर असतो तोच पूर्ण पाच वर्षं मिळतो, ही यातली सगळ्यात कामाची गोष्ट.

## गृहकर्ज असेल तर : हप्ता कमी करावा की मुदत?

ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांकडून घेतलेली बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक वेळा रेपो रेटला, जोडलेली आहेत. त्यामुळे रेपो बदलला की काही महिन्यांत तुमचा दरही बदलतो.

समजा ३० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत आणि ९ टक्के दर आहे. हप्ता साधारण २६,९९० रुपये. दर ८ टक्क्यांवर आला तर दोन पर्याय असतात:

- हप्ता कमी करा : हप्ता २५,०९० रुपयांवर येतो. महिन्याला १,९०० रुपये वाचतात, मुदत २० वर्षंच राहते.
- हप्ता तोच ठेवा : कर्ज २० वर्षांऐवजी साधारण १७ वर्षांत फिटतं. पहिल्या पर्यायाच्या तुलनेत एकूण ५ लाख ३० हजारांहून जास्त रुपये वाचतात.

महिन्याचं बजेट ताणलेलं असेल तर पहिला पर्याय घ्यायला हरकत नाही. पण जुना हप्ता झेपत असेल तर तोच चालू ठेवणं केव्हाही फायद्याचं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. दर वाढतात तेव्हा बँक हप्ता न वाढवता गुपचूप वाटावी अशी मुदत वाढते आणि निवृत्तीनंतरही कर्ज उरतं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा. वर्षातून एकदा बँकेच्या ॲपवर कर्जाचं स्टेटमेंट उघडा आणि किती हप्ते शिल्लक आहेत ते बघा. वैयक्तिक नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाची आधी परतफेड केली तर बँक दंड लावू शकत नाही.

## पायरी १ : आधी महागडं कर्ज संपवा

क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर महिन्याला ३.५ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं. काहीच भरलं नाही तर या दराने थकबाकी २० महिन्यांत दुप्पट होते! जगातली कुठलीच साधी गुंतवणूक एवढा परतावा देत नाही. त्यामुळे कार्डाची थकबाकी किंवा झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचं देणं असेल, तर ते फेडणं हीच तुमची पहिली गुंतवणूक.

कार्डाच्या बिलावर 'किमान देय रक्कम' लिहिलेली असते. ती भरली की विलंब शुल्क टळतं, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. हे अनेकांना बिल हाताबाहेर गेल्यावर कळतं.

## पायरी २ : आपत्कालीन निधी

कमीत कमी सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. उत्पन्न अनियमित असेल, म्हणजे व्यवसाय, फ्रीलान्स किंवा कंत्राटी नोकरी, तर नऊ ते बारा महिन्यांचा.

उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या एका जोडप्याचं महिन्याचं उत्पन्न ४५,००० रुपये आहे असं धरूया:

- घरभाडं : ९,०००
- किराणा, वीज, प्रवास, शाळा आणि इतर खर्च : २४,०००
- विम्याचे हप्ते : २,०००
- शिल्लक : १०,०००

महिन्याचा अटळ खर्च ३५,००० रुपये, म्हणजे सहा महिन्यांचा निधी २ लाख १० हजार. शिल्लकीतले पाच हजार एसआयपीत आणि पाच हजार निधीत टाकले तर निधी जमायला साडेतीन वर्षं लागतील. त्याऐवजी दहाच्या दहा हजार आधी निधीत टाकले तर २१ महिन्यांत काम होतं. मग पूर्ण दहा हजारांची एसआयपी बिनधास्त सुरू करता येते.

हा पैसा शेअर बाजारात ठेवायचा नाही. थोडा बचत खात्यात आणि बाकीचा हवी तेव्हा मोडता येणाऱ्या किंवा स्वीप-इन एफडीत ठेवा. इथे परताव्यापेक्षा पैसे रात्री दोन वाजताही हाताशी असणं महत्त्वाचं आहे.

## पायरी ३ : विमा आणि गुंतवणूक वेगळी ठेवा

घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर वार्षिक उत्पन्नाच्या १० ते १५ पट टर्म इन्शुरन्स घ्या. यात मुदत संपल्यावर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून अनेकांना तो 'वाया जातो' असं वाटतं. पण म्हणूनच त्याचा हप्ता कमी असतो. मनीबॅक, एंडोमेंट अशा पॉलिसींमध्ये विम्याची रक्कमही तुटपुंजी असते आणि परतावाही साधारण एफडीच्या आसपास किंवा त्याहून कमी. वर्षाला पन्नास हजार हप्ता भरून पाच-सात लाखांचं संरक्षण असेल, तर कमावता माणूस गेल्यावर त्या घराची दोन वर्षंही निघणार नाहीत.

आरोग्य विमा तर हवाच. नोकरीत कंपनीचा विमा असतो, पण नोकरी गेली की तोही जातो, त्यामुळे स्वतःची एक पॉलिसी असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तिच्यात ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालयांचाच समावेश असतो, म्हणून जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आधीच बघून ठेवा.

## पायरी ४ : महागाई समजून घ्या

इथे ७२ चा नियम कामी येतो. ७२ ला दराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं. महागाई ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षं. आज महिन्याचा खर्च ३०,००० असेल तर १२ वर्षांनी ६०,००० आणि २४ वर्षांनी १ लाख २० हजार.

आता एफडी बघा. दर ६.५ टक्के, तुम्ही २० टक्क्यांच्या कर टप्प्यात. उपकरासह कर गेल्यावर हातात उरतात सुमारे ५.१५ टक्के. महागाई ५ टक्के असेल तर खरी वाढ जवळजवळ शून्य. एफडी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ती पैसे सांभाळण्यासाठी आहे, वाढवण्यासाठी नाही, एवढंच.

## पायरी ५ : एसआयपी आणि इंडेक्स फंड

एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची सोय. एसआयपी ही स्वतः गुंतवणूक नाही, ती फक्त पद्धत आहे. पैसा कुठल्या फंडात जातो त्यावर परतावा आणि धोका ठरतो.

नवीन माणसासाठी इंडेक्स फंड सोपा. निफ्टी ५० इंडेक्स फंड म्हणजे निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांमध्ये त्यांच्या वजनानुसार पैसे टाकणारा फंड. फंड मॅनेजरच्या हुशारीवर तो अवलंबून नसतो आणि त्याचं शुल्कही कमी असतं.

दरमहा ५,००० रुपये, २० वर्षं, म्हणजे एकूण गुंतवणूक १२ लाख. वार्षिक १० टक्के परतावा मिळाला असं धरलं तर रक्कम साधारण ३८ लाख होते. आता ॲपवाले जे सांगत नाहीत ते : दरवर्षी ५ टक्के महागाई धरली तर त्या ३८ लाखांची आजच्या हिशोबाने किंमत १४ लाखांच्या आसपास आहे. म्हणून पगार वाढला की एसआयपीही वाढवायला हवी.

शुल्काकडेही लक्ष द्या. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडात 'डायरेक्ट' आणि 'रेग्युलर' असे दोन पर्याय असतात. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन असतं. समजा त्यामुळे परतावा १० ऐवजी ९ टक्के मिळाला, तर वरच्याच उदाहरणात २० वर्षांनी साडेचार लाखांहून जास्त रक्कम कमी मिळते. वितरक तुम्हाला नीट सल्ला देत असेल, बाजार पडल्यावर धीर देत असेल तर ते कमिशन वसूल होतं. पण नुसता फॉर्म भरून देण्यासाठी हे फार महाग आहे.

बाजार पडतो, हे गृहीत धरूनच यात उतरा. जानेवारी २०२० मध्ये १२,३०० च्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने जुना उच्चांक ओलांडला. पण २००८ च्या घसरणीनंतर सेन्सेक्सला पुन्हा २१,००० च्या जवळ यायला २०१० चा नोव्हेंबर उजाडला. दर वेळी बाजार सहा-आठ महिन्यांतच सावरेल असं नाही. म्हणून पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, म्हणजे मुलीचं लग्न, घराचं डाउन पेमेंट, कॉलेजची फी, शेअर बाजारात ठेवू नका.

आणि फ्युचर्स-ऑप्शन्स ही गुंतवणूक नव्हे. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सचं नुकसान झालं, आणि एकूण नुकसान १.८ लाख कोटींच्या वर गेलं.

## कराचे नियम बदलले, तसं नियोजनही बदला

- २०२३-२४ पासून नवीन करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते.
- २०२५-२६ पासून नवीन प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या, पगारदारांसाठी १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. शेअर्स-फंडांच्या विक्रीवरचा विशेष दराचा नफा मात्र या सवलतीत येत नाही.
- नवीन प्रणालीत ८०सीची वजावट नाही. म्हणजे मार्चमध्ये 'टॅक्स वाचवायला' घाईने पॉलिसी घ्यायचं कारणच उरत नाही.
- २३ जुलै २०२४ पासून इक्विटी फंड एका वर्षानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्यावर १२.५ टक्के कर. वर्षाच्या आत विकला तर २० टक्के.

पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत ७.१ टक्के राहिला आणि व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. त्यामुळे सुरक्षित भागासाठी तो अजूनही चांगला पर्याय आहे.

## बँक, पतसंस्था आणि ठेवींची सुरक्षा

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवलेल्या लोकांचे त्या वेळी किती हाल झाले, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे.

फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. ही मर्यादा एका बँकेत एका व्यक्तीच्या सगळ्या शाखांतल्या ठेवींसाठी, मुद्दल आणि व्याज मिळून आहे. सहकारी बँकांनाही ती लागू होते. मात्र पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. तिथे एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं, ते याच जोखमीचं असतं.

## मोबाइलवर सावध राहा

- सल्लागार किंवा ब्रोकरची नोंदणी सेबीच्या वेबसाइटवर तपासा. खात्रीशीर परताव्याचं आश्वासन देणारा माणूस नियम मोडतोय, हे तिथेच ओळखा.
- ऑक्टोबर २०२५ पासून सेबी-नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी 'व्हॅलिड' हा शब्द असलेले यूपीआय आयडी आले आहेत. पैसे एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात मागितले तर थांबा.
- व्हॉट्सॲप-टेलिग्राम ग्रुपमधल्या लिंकवरून ट्रेडिंग ॲप डाउनलोड करू नका. तिथे दिसणारा नफा हा फक्त स्क्रीनवरचा आकडा असतो. पैसे काढायला गेलात की 'आधी टॅक्स भरा' म्हणतात.
- फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

## घरच्यांना माहीत आहे का?

नियोजनातला सर्वात दुर्लक्षित भाग हाच. खातं दहा वर्षं वापरलं नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती वारसांना परत मिळू शकते, पण आधी खातं आहे हे कळायला तर हवं! त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, आणि विसरलेल्या म्युच्युअल फंडांसाठी 'मित्र'.

ही वेळच येऊ नये म्हणून सगळ्या खात्यांना वारस-नोंद करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी कायद्याने वारसांची असते, म्हणून साधं का होईना मृत्युपत्र करा. आणि एका वहीत बँका, पॉलिसी, फंड, कर्जं यांची यादी लिहून ठेवा. पासवर्ड लिहू नका, पण काय कुठे आहे ते लिहा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

५०० रुपयांपासून एसआयपी सुरू करता येते का?
हो. बहुतेक फंडांत ५०० रुपयांपासून, काहींत त्याहूनही कमी रकमेपासून सुरुवात करता येते.

बाजार पडला तर एसआयपी बंद करावी का?
उद्दिष्ट दूर असेल तर नाही. पडलेल्या बाजारात त्याच पैशांत जास्त युनिट्स मिळतात.

सोनं किती घ्यावं?
गुंतवणूक म्हणून एकूण रकमेच्या ५ ते १० टक्के पुरे. दागिन्यांत घडणावळ जाते. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही, त्यामुळे गोल्ड ईटीएफ हा पर्याय उरतो.

नियोजन किती वेळा तपासावं?
वर्षातून एकदा, आणि नोकरी, लग्न, मूल, कर्ज असं काही मोठं बदललं की लगेच.

## थोडक्यात

कर्ज, निधी, विमा आणि मग गुंतवणूक, हा क्रम पाळा. रेपो रेट वर जाईल, खाली येईल, करही बदलेल, पण हा क्रम बदलत नाही. या महिन्यात एकच काम करायचं असेल तर घरातल्या सगळ्या खात्यांचे नॉमिनी तपासा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

हा लेख माहितीसाठी आहे. मोठा निर्णय घेण्याआधी सेबी-नोंदणीकृत सल्लागाराशी बोला. माहिती उपयोगी वाटली तर घरच्या ग्रुपवर नक्की शेअर करा.